कस्तुरामावशीचे चुन्याचे खडे

जळकोटला कस्तुरामावशीचं घर कुणाला विचारावं लागत नाही. हमरस्त्यावर एसटीतून उतरायचं, जुन्या गावाकडं चालायला लागायचं आणि जिकडून आवाज येईल तिकडं वळायचं. बाई म्हशीशी बोलत असली तरी ग्रामसभा भरल्यासारखं वाटतं. कुणाच्या सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत, कुणाची सून आठ वाजेपर्यंत झोपते, तलाठी कुठल्या वारी सापडतो आणि कुठल्या वारी सापडत नाही, हे सगळं तिच्या अंगणात फुकट ऐकायला मिळतं. वय सहासष्ट. दोन म्हशी, चार एकर रान, पोरगा पुण्यात कंपनीत, सून करिश्मा आणि नातवंडं इथं. तिच्या घरी गेल्यावर हुलग्याचं माडगं प्यायल्याशिवाय कुणी उठायचं नाही. उठलंच तर ती खांद्याला धरून खाली बसवते.

मी हर्षाली, लोहाऱ्याची. स्कूटीवरून गावोगाव फिरून बायकांच्या तब्येतीची माहिती गोळा करायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. बायकांच्या दुखण्याला 'बायकांचं असतं काहीतरी' म्हणणाऱ्या माणसाशी मी दुसऱ्यांदा बोलायला जात नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयानं मला आपल्या अभ्यासात घेतलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळं होतो, हे आता बऱ्याच जणींना ठाऊक आहे. त्याची लससुद्धा निघाली आहे. पण त्याच भागात त्याहून विरळ कॅन्सरही होतात. योनीचे, बाहेरच्या नाजूक कातडीचे. इतके विरळ की तालुक्यात शोधायला गेलं तर एखादीच बाई सापडावी. त्यांच्यातही त्या विषाणूचा हात असतो का, आमच्या भागात तो किती असतो, हे शोधायचं होतं. काम दोन प्रकारचं होतं. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यांना गाठायचं. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून जपून ठेवलेला असतो, तो पुन्हा तपासायची परवानगी घ्यायची. आणि त्याच गावातल्या इतर बायकांचे नमुने घेऊन जुळवून पाहायचं.

कस्तुरामावशीचं ऑपरेशन होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. गाठ बाहेरच्या कातडीची. वेळेवर निघाली आणि बाई खडखडीत बरी झाली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं तासभर गावाचा सगळा इतिहास सांगितला. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाली, "झालं. बरी हाय. माडगं पी न् जा." एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या एका गोष्टीवर तोंडाला कुलूप.

मी चिवट आहे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अंगणात बसून विषाणूचं सगळं समजावून सांगितलं. तो नवराबायकोच्या संबंधातून येतो, बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी येऊन जातो, त्यात कुणाचा वाईटपणा नसतो. ही वाक्यं मला झोपेतसुद्धा म्हणता येतात. मावशीचे यजमान लिंबाजीकाका कट्ट्यावर बसून दावं वळत होते. सडपातळ, मवाळ माणूस. बायकोच्या वाट्याचं सगळं बोलणं ती बोलते, म्हणून याच्या वाट्याला काही उरलंच नसावं. मावशीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. काकांच्या हातातलं दावं थांबलं.

"अवो," मावशी म्हणाली, "ईरण्णाच्या दुकानातनं साखर आणा."

साखरेचा डबा माझ्या डोळ्यांसमोर भरलेला होता. काका मुकाट्यानं उठले आणि चपला घालून गेले.

ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत ती थांबली. मग माझ्याकडं सरकली. "आता खरं सांग. ह्यो इषाणू माझ्यात निघाला, तर मग देवीचं कायी न्हाय ना त्यात?"

"कुठल्या देवीचं?"

"येडाईचं."

येरमाळा हे मावशीचं माहेर. तिथं येडेश्वरीची चैत्रात यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली येते. वाटेत चुन्याचं रान लागतं. तिथं जमलेली लाखभर माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. या चुन्यानं देवीचं देऊळ रंगवायचं, असा रिवाज. कडेवरच्या लेकरापासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळे वेचतात. माहेरवाशिणी तर त्या दिवसासाठी कुठून कुठून येतात.

"लगीन होऊन पहिल्याच चैत्राला म्या माहेरी गेले," मावशी सांगायला लागली. तिचा आवाज इतका खाली मी तोवर ऐकलेला नव्हता. "यात्रेच्या दिवशी सकाळीच अडचण आली. सांगितलं असतं तर सगळी भावकी गेली असती न् म्या एकलीच घरात बसले असते. सतरा वर्साची हुते गं. न्हाय सांगितलं. गेले, वेचले, ढिगावर टाकले. कुणाला कळलं न्हाय. लेकरं झाली, संसार झाला, दरसाल जात हुते. मग पाळी गेली. त्याच्यामागं दोन-चार वर्सानं खालची कातडी पांढरी पडायला लागली. चुना लावल्यागत पांढरी."

म्हैस उगाच हंबरली, तिला तिनं हातानंच गप्प केलं.

"तवाच म्हणलं, आलं. माझे खडे माझ्याकडं माघारी आले. आई लई वर्सांनी बोलली, पर बोलली. मग गाठ आली. डाक्टर म्हणला, कॅन्सर हाय. म्या मनात म्हणलं, मला म्हाईत हाय काय हाय ते."

कातडी पांढरी पडायला लागल्यापासून ती यात्रेला गेलीच नव्हती. वीसेक वर्षं झाली असतील. दिवाळीला माहेरी जायची, भाऊबीज करून यायची, पण डोंगराकडं मान वर करून बघायची नाही. यात्रेच्या दिवसांत कधी म्हैस व्यायला झालेली असायची, कधी गुडघा दुखायचा. घरात कुणाला काही बोलली नव्हती. लिंबाजीकाकांनाही नाही.

"इषाणू निघू दे बाई," ती म्हणाली. "म्हंजी म्या सुटले."

मला सटकन राग आला. तिचा नव्हे. सतरा वर्षांच्या पोरीला असली भीती घालणाऱ्या जगाचा आला. मी म्हणाले, "मावशी, निघेलच असं मी सांगू शकत नाही. पण बघतील नीट."

"मग सही करते. पर एक अट. निघालं का न्हाय, ते मला तोंडानं सांगायचं. मोठ्या डाक्टरनं हितं येऊन. कागद पाठवायचा न्हाय."

चौथीपर्यंत शिकलेली बाई. जिभेचं टोक दातांत धरून तिनं मोठ्या अक्षरांत सही केली.

मी रस्त्यावर येऊन स्कूटी सुरू करत होते, तर बाभळीखाली लिंबाजीकाका साखरेची पुडी हातात घेऊन उभे. घरी जायचं सोडून माझीच वाट बघत होते.

"बाई, त्यो इषाणू निघाला तर माझ्याकडनंच आला म्हणायचा ना?"

मी माझी पाठ केलेली वाक्यं सुरू केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"असू द्या. लग्नाच्या आधी म्या दोन वर्सं हैदराबादला कामाला हुतो. तरणं वय हुतं, कशाला खोटं बोलू? निघाला तर माझं नाव घ्या, माझी कायी हरकत न्हाय. पर तिच्या मनात येरमाळ्याचं कायतरी बसलंय. मला सांगत न्हाय, म्या बी इचारत न्हाय. इषाणूनं ते निघत असंल तर निघू द्या." मग जरा वेळानं पुडीकडं बघत म्हणाले, "म्या दरसाल जातो. एक मूठ माझे खडे वेचतो, एक मूठ तिच्या नावाचे. तिला म्हाईत न्हाय. तुमी बी बोलू नका."

मला भरून आलं. नवऱ्याला सुटका मिळावी म्हणून झटणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. बायकोची सुटका व्हावी म्हणून स्वतःवर दोष ओढून घ्यायला तयार असलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

पुढचं काम होतं गावातल्या बायकांच्या नमुन्यांचं. कापूस गुंडाळलेली एक काडी असते, बाईनं ती स्वतःच आत फिरवायची आणि नळीत घालून द्यायची. दुखत नाही, कुणापुढं कपडे काढावे लागत नाहीत. तरी बायका तयार होत नाहीत. लोहाऱ्याकडच्या एका गावात मला दोन दिवसांत चार जणी मिळाल्या होत्या. जळकोटचं सगळं कस्तुरामावशीनं अंगावर घेतलं. तिला तो विषाणू सापडायला हवा होता, मग कामात कसूर कशी करील? तिनं घरोघर जाऊन सांगितलं, आपल्याच घरातली पुढची खोली झाडून घेतली, न्हाणीला नवा पडदा लावला आणि करिश्माला दारात बसवलं. सकाळपासून बायकांची रीघ लागली. सगळ्या जणी न्हाऊन-माखून, ओल्या केसांनी, इस्त्रीच्या साड्या नेसून आलेल्या. मला वाटलं, काय मान दिला बायांनी माझ्या कामाला!

पंधरवड्यानं आमच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. अभ्यासाचा सगळा भार याच बाईवर. कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांची भीती जास्त वाटते. "हर्षाली, जळकोटच्या नमुन्यांत काहीच नाही."

"विषाणू नाही?"

"विषाणू असो-नसो, आधी बाईच्या अंगच्या पेशी तर हव्यात. काड्या कोऱ्या आल्यासारख्या आहेत. एकदोन ठिकाणी असं होतं, इथं बहुतेक सगळ्याच. पुन्हा असंच झालं तर जळकोट वगळावं लागेल. गावचे नमुनेच नसतील, तर तिथल्या पेशंटची जुनी गाठ तरी कशाशी जुळवायची?"

म्हणजे मावशीचा मेणातला तुकडाही तपासाविना पडून राहणार. मी तशीच स्कूटी काढली. उन्हानं डोकं उठलं म्हणून जळकोटच्या वळणावर ईरण्णाच्या दुकानात सोडा प्यायला थांबले. ईरण्णा अक्कलकोटकडचा. मराठी बोलतो, पण सूर कानडी.

"काय बाई, परत शिबिर घ्यायल्यात का? आधी सांगा बरं का. मागल्या बारीला तुरटी पुरली न्हाय मला. नळदुर्गाहून मागवली."

"तुरटी? तुरटीचा आणि माझा काय संबंध?"

"तुमच्या शिबिराच्या आदल्या दिवशी गावातल्या समद्या बायका तुरटी न्यायला आल्त्या की."

सोडा अर्धा टाकून मी मावशीच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मावशी, करिश्मा आणि शेजारची सिताबाई तुरी निवडत बसल्या होत्या. सिताबाईचं घर मेंढरांचं. ती बोलते थोडं, निवडते भराभर.

"मावशी, नमुना द्यायच्या आधी बायकांना तुम्ही काय करायला सांगितलं होतं?"

"काय म्हंजी? आंघोळ! तुरटीच्या पाण्यानं, आतून-भाईरनं चांगलं धुऊन. देवळात न् दवाखान्यात पारोसं जाऊ नये. शहरातली मशीन बघणार, तिला काय घाण पाठवायची व्हय?"

"अहो, मशीनला तेच बघायचं होतं!" माझा आवाज तिच्याहून वर गेला. "तेल बघायला समई मागितली, तर तुम्ही ती चिंच लावून घासून पाठवली! आता त्यात काय दिसणार?"

मावशीचा चेहरा पडला. तिनं केलेलं सगळं, तिच्याच हातानं वाया गेलं होतं. मला लगेच वाईट वाटलं, पण सुटलेला शब्द मागं कसा घ्यायचा? काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण तुरटीच का? साध्या पाण्यानं धुता आलं नसतं?"

मग सिताबाई मान वर न करता म्हणाली, "तुरटीनं खाज थांबती की."

सूप हलायचं थांबलं.

"तुला खाज हाय?" मावशीनं विचारलं.

"हाय. लई दिस झाले."

"मला बी हाय," करिश्मा म्हणाली. आपण हे सासूपुढं बोललो हे तिच्या मागाहून ध्यानात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. "न्हाणीत बंबाच्या मागं ठिवलाय म्या तुरटीचा खडा."

मावशी सुनेकडं बघतच राहिली. "बंबाच्या मागं त्यो तुझा हाय व्हय? म्या म्हणलं, माझा खडा कोनाड्यात असताना हितं दुसरा कुठनं आला!"

एका घरात, एका न्हाणीत, सासू-सुनेचे तुरटीचे दोन खडे. एकीचा दुसरीला पत्ता नाही. मला आधी हसू फुटलं आणि मग करिश्मालाही आवरेना. सिताबाईनं तोंडाला पदर लावला. कस्तुरामावशी तेवढी हसत नव्हती.

"मला धा-बारा वर्सं हुती, गाठ निघंपत्तूर. खडा अजून टाकवत न्हाय," ती म्हणाली. "कातडी पांढरी पडली ना, तवापासनं. झोप न्हाय लागायची. ऑपरेशन झालं तवा डाक्टरला बी गाठीचंच सांगितलं, खाजेचं न्हाय. कोणत्या तोंडानं सांगायचं? माणसाला खोकला झाला तर समद्या गावाला ऐकू जातो. हिचं काय करायचं?"

त्या दुपारी त्या अंगणात आणखी काही जणी आल्या आणि बोलत बसल्या. मी मॅडमना फोन लावला आणि एक संधी मागून घेतली. खाजेचंही सांगितलं. किती जणींना, किती दिवसांपासून, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "नमुने पुन्हा घे. त्या बायकांना बघायला मी स्वतः येते."

दुसऱ्या खेपेला कस्तुरामावशीनं सगळं गाव दणाणून सोडलं. "पारोश्यानंच या! आंघोळ करून आलेलीला दारातनं माघारी लावीन!" पाण्याच्या टाकीखाली, पिठाच्या गिरणीत, बचत गटाच्या बैठकीत तिनं तेच ओरडून सांगितलं. ईरण्णानं माझ्याकडं तक्रार केली की या खेपेला तुरटीला गिऱ्हाईकच नाही. एका बाईच्या केसांना शिकेकाईचा वास आला, तिला मावशीनं खरोखर परत पाठवलं आणि उद्या ये म्हणाली. या वेळचे नमुने एकदम चोख निघाले.

माघ संपत आला तेव्हा डॉक्टर मॅडम जळकोटला आल्या. दिवसभर मावशीच्या मागच्या खोलीत त्यांनी एकेकीला तपासलं. बहुतेकींची खाज साधी होती, आठवडाभराच्या औषधानं जाणारी. करिश्मालाही तेवढंच निघालं. सिताबाईला मात्र त्यांनी जास्त वेळ ठेवून घेतलं. तिची कातडी पांढरी पडायला लागली होती. मलम लिहून दिलं, ते नेमानं लावायचं आणि दर थोड्या महिन्यांनी दाखवून जायचं, असं बजावलं.

मग मॅडम हात धुऊन अंगणात आल्या आणि मावशीसमोर चटईवर बसल्या. लिंबाजीकाका उंबऱ्यात होते. या वेळी त्यांना साखर आणायला कुणी पाठवलं नाही.

"मावशी, तोंडानं सांगायचं कबूल केलं होतं म्हणून आले. तुमच्या गाठीत विषाणू निघाला नाही."

हातातली चहाची बशी मावशीनं खाली ठेवली, तिचा आवाज झाला तेवढाच.

"नीट बघितलं का?"

"दोन-तीन प्रकारांनी बघितलं."

"आनी एकदा बघा की."

बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅन्सरचा पेशंट विषाणू नाही म्हणून रडतोय, हे मॅडमना कुठून कळणार? त्यांना वाटलं, बाई आनंदानं रडते आहे. मला तिथं बसवेना.

"मग काय निघालं?" मावशीनं विचारलं.

"गाठीच्या कडेला एक जुना आजार दिसला. त्यात कातडी पातळ होते, पांढरी पडते, खाजते. औषधाविना बरीच वर्षं राहिला, तर काही जणींत त्याच जागी गाठ धरते. तुमचं तसंच झालेलं दिसतंय. या कॅन्सरला दोन वाटा आहेत मावशी. एक विषाणूची, दुसरी ही. सिताबाईंना आता मलम दिलंय ना, ते याच आजाराचं."

"त्यो आजार कशानं होतो?"

मॅडमनी खोटं सांगितलं असतं तर मला चाललं असतं. पण त्या तशातल्या नाहीत. "पक्कं माहीत नाही. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं, एवढं कळलंय. का उलटतं, ते अजून शोधतोय."

"म्हंजी तुमाला बी म्हाईत न्हाय." मावशीनं डोळे पुसले. "मग मला म्हाईत हाय." आणि तिनं सगळं सांगितलं. येरमाळा, सतरा वर्षं, ती सकाळ, ते खडे, पांढरी कातडी. आवाज खाली न आणता, उंबऱ्यातल्या नवऱ्याच्या देखत. काकांनी मान खाली घातली होती.

मॅडम हसल्या नाहीत, उपदेशही केला नाही. थोडा विचार करून म्हणाल्या, "हा आजार पहिल्यांदा कुणी नीट लिहून ठेवला माहितीये? तिकडं युरोपातल्या डॉक्टरांनी. शंभर वर्षांच्याही आधी."

"तकडं बी असतो?"

"भरपूर."

"गोऱ्या बायकांना?"

"हो."

मावशीच्या कपाळावर आठ्या पडल्या. "त्या कुठं आल्त्या चुन्याच्या रानात खडे वेचायला?" ती स्वतःशीच म्हणाली.

"आणि मावशी, तो लहान मुलींनाही होतो. पाच-सहा वर्षांच्या. पाळी यायच्या कितीतरी आधी."

करिश्माची धाकटी पोर अंगणात कोंबडीमागं पळत होती, तिच्याकडं मावशी बघत राहिली. पोर पडली, उठली, पुन्हा पळाली.

"त्या लेकरांनी कंचा इटाळ लपवला असंल?" मावशी म्हणाली. "ह्या असल्या पिल्लांवर आई कशापायी रागावंल?" आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं, "न्हाय! आई असलं करायची न्हाय!"

ती हसत होती आणि रडतही होती. मीही. मॅडम आता सगळं उमजून चष्मा पुसत बसल्या.

"अवो," मावशी उंबऱ्याकडं वळली. "तुमी बी सुटला."

"म्या कवा अडकलो हुतो?"

"हैदराबाद हैदराबाद म्हणून मनात झुरत हुता ते मला कळत न्हाय व्हय? उठा, साखर आणा. आज खरंच संपली."

चैत्रात आम्ही येरमाळ्याला गेलो. अभ्यास अजून चालू आहे. किती जणींच्या गाठीत विषाणू निघतो आणि किती जणींची वाट दुसरी, हे कळायला वेळ लागेल. माझं तिथं काही काम नव्हतं, पण मला राहवलं नाही. मावशीनं हिरवं लुगडं नेसलं होतं. तुळजापूरला एसटी बदलली, धाराशिवला बदलली. पहिल्या दोन गाड्यांत तिनं शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सरळ विचारलं, "खालच्या जागंला खाज हाय का? असली तर लपवू नको, दाखव." पहिलीनं जागा बदलली. दुसरीनं थोड्या वेळानं हळूच माझा नंबर लिहून घेतला.

चुन्याच्या रानात मुंगीला वाट नव्हती. ऊन तापलेलं, सगळीकडं वाकलेल्या पाठी, आणि पालखी दिसल्याबरोबर 'आई राजा उदो उदो'चा एकच गजर. मावशीनं वीस वर्षांनी डोंगराकडं मान वर करून पाहिलं आणि हात जोडले. तोवर काका सवयीनं वाकून वेचायला लागले होते. त्यांच्या दोन्ही मुठी भरल्या.

"अवो, एवढे कुणाचे?"

काका गडबडले. "ही माझी मूठ. ही तुझी."

"माझी कशाला? म्या हितंच हाय की."

"सवय झाली."

मावशीला कळायला क्षणभर लागला. मग तिनं त्यांच्याकडं असं काही पाहिलं की मी दुसरीकडं तोंड फिरवलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. त्यांच्या हातातली तिची मूठ तिनं आपल्या पदरात घेतली.

ढिगाकडं जाताना तिचं पाऊल अडलं. रानाच्या कडेला एक पोर उभी होती. हातातला हिरवा चुडा अजून नवा, अंगावर लग्नातलीच साडी असावी. तिच्या घरच्या बायका पुढं वेचत होत्या आणि तिला हाका मारत होत्या. ती हसल्यासारखं करत होती, पण पुढं सरकत नव्हती. पदर पोटाशी घट्ट धरलेला.

मावशी तिच्याजवळ गेली. तिच्या कानाशी, अगदी हळू विचारलं. पोरीनं दचकून मान खाली घातली. डोळे भरून आले.

मावशीनं पदरातला एक खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"टाक जा. आई हाय ती. सासू न्हाय."

पोर तिच्याकडं बघत राहिली, मग खड्याकडं, मग घरच्या बायकांकडं. आणि ढिगाकडं चालायला लागली. ती खडा टाकेपर्यंत मावशी तिथंच उभी होती. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली आणि स्वतःचे खडे वेचायला लागली.